घड्याळबाईंचे दहा

घड्याळबाईंच्या मनगटावर घड्याळ कधीच नव्हतं. तरी डोळ्यांच्या त्या दवाखान्यात डॉक्टरांपासून फरशी पुसणाऱ्या मावशींपर्यंत सगळे त्यांना घड्याळबाईच म्हणत. पेशंटही म्हणत. एकदा तर त्यांच्या नावाने आलेल्या पाकिटावरचं खरं नाव खोडून पोस्टमननेच वर पेन्सिलीने 'घड्याळबाई' लिहून टाकलं होतं. बाई वरवर रागावल्या, पण ते पाकीट अजून त्यांच्या कपाटात आहे.

काम तसं साधं. जिना चढून डावीकडे, खिडकीला काळा पडदा लावलेली एक खोली. मधोमध तपासणीचं यंत्र. पेशंटने एका बाजूने हनुवटी टेकवायची आणि कपाळ पट्ट्याला लावायचं, दुसऱ्या बाजूला डॉक्टर भिंगाला दोन्ही डोळे लावून बसलेले. बाई केशरी टोकाची कागदाची बारीक पट्टी ओली करून खालच्या पापणीच्या आत हलकेच टेकवत. पेशंटने दोन-तीनदा डोळे उघडमीट केले की रंग सगळीकडे पसरे आणि निळा दिवा लागला की डोळा हिरवागार दिसे. मग डॉक्टर म्हणत, "आता पापणी मिटायची नाही," आणि बाई मोजायला लागत. एक. दोन. तीन. डोळ्यावर पाण्याचा एक पातळ पडदा असतो. पापणी उघडी राहिली की तो कुठेतरी फाटतो आणि हिरव्यात काळा ठिपका उमटतो. ठिपका दिसला की डॉक्टर म्हणत, "झालं." त्या वेळी बाईंच्या तोंडात जो आकडा असेल तो वहीत जायचा. दहा किंवा वर म्हणजे डोळा चांगला. पाचाच्या आत म्हणजे कोरडा. मधला आला तर औषध देऊन लक्ष ठेवायचं.

लोकांना हे पटवणं म्हणजे डोकेफोड. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहणारा माणूस समोर बसलेला असे आणि त्याला सांगायचं की तुमचा डोळा कोरडा आहे. "बाई, रुमाल भिजलाय माझा!" तो म्हणे. बाई कंबरेवर हात ठेवून सांगत, "दुधावर साय धरते ना? तशी डोळ्यातल्या पाण्यावर तेलाची साय असते. ती पापणीच्या काठातून येते. ती नसली की पाणी टिकत नाही, उडून जातं. मग डोळा जळतो, आणि जळला की घाबरून आणखी पाणी सोडतो. ते आलं तसं गेलं. त्याचा उपयोग शून्य." मग गरम कपड्याने शेक कसा घ्यायचा, पापणीचा काठ वरून खाली कसा दाबायचा, पंखा तोंडावर का घ्यायचा नाही, वाचताना पापणी मुद्दाम कशी मिटायची, हे सगळं त्या करून दाखवत. छप्पन्न वर्षांची बाई कोपऱ्यात उभी राहून पापण्यांची उघडझाप करतेय हे दृश्य बघून रडवेले पेशंटसुद्धा हसत.

मोजायला त्या शिकल्या तेव्हा डॉक्टरांनी त्यांना एक खिशातलं घड्याळ दिलं होतं. वर्षभर त्या जिन्यात चढता-उतरता त्याच्याबरोबर आकडे म्हणत. मग एके दिवशी ते घड्याळ औषधाच्या पाण्यात पडलं आणि कायमचं बंद झालं. डॉक्टरांनी स्वतःच्या घड्याळाशी बाईंचं मोजणं ताडून पाहिलं, तर केसाचाही फरक नाही. "आता नवं कशाला घ्यायचं?" डॉक्टर म्हणाले. त्या गोष्टीला एकोणतीस वर्षं झाली. भिंतीवरचं घड्याळ आपण वर्षातून दोनदा तरी लावून घेतो, पण बाईंना पुन्हा कोणी लावून घेतलं नाही.

आणि मग ते व्हायोलिन शिकवणारे गृहस्थ आले.

गृहस्थ सत्तरीचे, बारीक अक्षरातली स्वरलिपी वाचून वाचून डोळ्यांची आग होते म्हणून वर्षभरात तिसऱ्यांदा आलेले. यंत्राशी बसले की त्यांचं एक बोट गुडघ्यावर ठेका धरी. त्या दिवशी बाईंनी दहा म्हटलं आणि डॉक्टरांनी "झालं" म्हटलं. डॉक्टर दुसऱ्या खोलीत गेल्यावर गृहस्थ उठले, पण दाराशी घुटमळले.

"बाई, राग मानू नका," ते म्हणाले, "पण तुमची लय चढते."

"काय चढते?"

"लय. पाचापर्यंत तुम्ही आणि मी बरोबर असतो. सहापासून तुम्ही पळता. तुमचे दहा झाले तेव्हा माझे सात झाले होते. मागच्या वेळीही असंच झालं. मला वाटलं माझंच चुकतंय, म्हणून आज लक्ष देऊन बघितलं."

बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "एकोणतीस वर्षं मोजतेय मी! डोळे दाखवायला आलात की माझी परीक्षा घ्यायला?" असं म्हणून त्यांनी दवाखान्याच्या पांढऱ्या कोटाचा खिसा झटकला. तो उजवा खिसा जिन्यातल्या खिळ्याला अडकून फाटला होता आणि सहा महिने सेफ्टी पिनेवर लटकत होता. पीन उघडली, बोटाला टोचली, आणि तो राग गृहस्थांच्या नावावर जमा झाला. गृहस्थ बिचारे माफी मागून गेले.

संध्याकाळी घरी आल्या आल्या चप्पल न काढताच त्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या घड्याळासमोर उभ्या राहिल्या. सेकंदकाटा बारावर आला तसं डोळे मिटून मोजायला लागल्या. दहा म्हणून डोळे उघडले तर काटा बरोबर दोनवर. पुन्हा मोजलं. पुन्हा दोनवर.

"अहो," त्यांनी नवऱ्याला हाक मारली, "त्या व्हायोलिनवाल्याचंच बिघडलंय!" आणि सगळी हकीकत सांगितली.

नवरा शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेला. शिट्टी आणि स्टॉपवॉच एकाच दोरीला बांधून त्याने पस्तीस वर्षं गळ्यात घातलं होतं आणि आता ते खुंटीला टांगलेलं होतं. त्याने सगळं ऐकून घेतलं. "भिंतीसमोर डोळे मिटून मोजलंस," तो म्हणाला, "पण तिथे तू डोळे मिटून कुठे मोजतेस? डोळ्याला बघून मोजतेस." आणि स्टॉपवॉच काढून खुर्ची ओढून समोर बसला. "हा घे डोळा. चल."

बाईंनी त्याची हनुवटी धरली. त्याने डोळे वटारले आणि बटण दाबलं. तीन होईपर्यंत तो मजेत होता. पाचाला त्याच्या पापण्या थरथरायला लागल्या. सहाला डोळ्यांत पाणी आलं, ओठ वाकडे झाले, आणि बिचारा कसाबसा तग धरून बसला. "दहा!" बाई म्हणाल्या. त्याने बटण दाबलं, डोळे चोळले, आणि स्टॉपवॉच लांब धरून वाचलं.

"सहा पॉइंट आठ."

"शक्य नाही."

"माझ्या शाळेत असतीस तर शंभर मीटरला उतरवली असती तुला."

पुन्हा केलं. सहा पॉइंट नऊ. तिसऱ्यांदा करायला नवऱ्याने नकार दिला, त्याचे डोळे आता खरंच लाल झाले होते. बाई मात्र तशाच त्याची हनुवटी धरून उभ्या राहिल्या. त्यांना कळलं होतं. समोरच्या डोळ्याला त्रास व्हायला लागला की त्यांचा जीव वरखाली होई. दहा आले की डोळा चांगला ठरून त्या माणसाची सुटका, हे त्यांना ठाऊक होतं, आणि जीभ आपोआप दहाच्या दिशेने धावत सुटे. सुरुवातीला असं नव्हतं. वर्षावर्षाने माया वाढली होती आणि तेवढेच सेकंद कमी झाले होते. त्यात बाईंना एक क्षणभर स्वतःचं कौतुकही वाटलं, खोटं कशाला सांगा.

तेवढ्यात दारातून आवाज आला. "काय रे बाळ्या? या वयात एकमेकांच्या डोळ्यांत बघत बसलात?"

त्या वन्सं. बाईंच्या नवऱ्याची मोठी बहीण. बासष्ट वर्षांच्या भावाला बाळ्या म्हणणारी जगात तेवढी एकच व्यक्ती उरली होती. त्या खालच्या मजल्यावर राहत आणि रस्त्याकडच्या खोलीत रफूचं काम करत. रफू म्हणजे ठिगळ नव्हे, हे वन्सं प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ठणकावून सांगत. त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून धागे काढायचे आणि भोकाच्या जागी उभ्या-आडव्या धाग्यांचं नवं कापडच विणायचं. काम झाल्यावर भोक कुठे होतं ते कपड्याच्या मालकालाही सापडू नये. लग्नाच्या भानगडीत न पडलेल्या त्या बाईने चाळीस वर्षं असे गावभरचे कोट, शाली आणि गणवेश जिवंत ठेवले होते. काम करताना पापणी मिटायची नाही हा त्यांच्या गुरुणीचा नियम. पापणी मिटली की धागा हरवतो, असं ती म्हणे.

वन्संच्या हातात रिकामा कप होता आणि डोळे लालबुंद होते. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि बाईंना वहीतला आकडा आठवला.

अकरा.

सहा महिन्यांपूर्वी वन्सं दवाखान्यात आल्या होत्या. दुपारपर्यंत डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, धागा दिसेनासा होतो, पापणी मिटली की पुन्हा घटकाभर दिसतो, अशी तक्रार. घरात त्याआधी दोन महिने हेच रामायण चालू होतं. त्या दिवशी दवाखान्यात गर्दी होती, मोजून तपासणी झाली, अकरा आले. डॉक्टरांनी वहीत आकडा पाहिला, चष्म्याचा नंबर थोडा बदलून दिला आणि म्हणाले, "अकरा म्हणजे उत्तम आहे. वयाने थोडं व्हायचंच." तेव्हापासून वन्संनी डोळे चोळले की बाई म्हणत, "वन्सं, अकरा आलेत तुमचे. अकरा! विशीतल्या मुलींचे येत नाहीत." नवराही हसत म्हणे, "ताई, तुझा नंबर पहिला आलाय." हळूहळू वन्संनी तक्रार करणं सोडलं. मग गिऱ्हाइकांना उद्या या, परवा या म्हणायला लागल्या. एका कोटाचं काम त्यांनी तीनदा उसवून पुन्हा केलं आणि शेवटी हात जोडून परत दिलं. आठवड्यापूर्वी त्यांनी जाहीर केलं होतं की महिनाअखेरीला दुकान बंद. सुया आणि भिंग समोरच्या शिंपिणीला द्यायचं. "डोळे चांगलेत ना," त्या म्हणाल्या होत्या, "मग माझं मनच उडालं असणार कामावरून." यावर कोणी फारसं बोललं नव्हतं.

त्या संध्याकाळी बाईंनी ते स्टॉपवॉच आपल्या पिशवीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधीच त्या डॉक्टरांसमोर उभ्या राहिल्या आणि स्टॉपवॉच टेबलावर ठेवून सगळं सांगून टाकलं. डॉक्टर त्यांच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"ठिपका मी बघतो, वेळ तुम्ही मोजता. वेळ कधी तपासली नाही, ती चूक माझी," ते म्हणाले. "आणि एका आकड्यावर विसंबून लोकांना घरी पाठवलं, तीही माझीच."

"जीभ माझी पळाली डॉक्टर, तुमची नाही."

दोघांनी मिळून मागच्या दोन वर्षांच्या वह्या काढल्या. ज्यांचे नेमके दहा, अकरा, बारा आले होते अशा लोकांची यादी केली. एकूण बेचाळीस नावं झाली. सगळ्यांना पुन्हा बोलवायचं ठरलं.

"यंत्रात थोडा बिघाड होता असं सांगा," डॉक्टर हळूच म्हणाले. बाईंची लाज राखावी असा त्यांचा भाबडा हेतू होता.

"यंत्र कुठलं? मीच होते की यंत्र," बाई म्हणाल्या आणि फोनकडे गेल्या.

चार दिवस त्या दुपारच्या वेळेत फोन करत होत्या. "मी घड्याळबाई बोलतेय. तुमच्या तपासणीच्या वेळी माझ्या मोजण्यात चूक झाली. पुन्हा येऊन जा." एका बाईने त्यांना पाच मिनिटं झाडलं, ते त्यांनी निमूटपणे ऐकून घेतलं. एका म्हाताऱ्या गृहस्थाला कोणीतरी फोन केला याचाच इतका आनंद झाला की ते डोळ्यांचं सोडून गुडघ्यांविषयी बोलत बसले. व्हायोलिनवाले लगेच दुसऱ्या दिवशी आले. त्यांचे खरे सात निघाले. बाईंनी त्यांची माफी मागितली तर ते म्हणाले, "अहो, माझे विद्यार्थी बिकट जागा आली की पळतात. अवघड तेवढं लवकर संपवावंसं वाटतं. तिथेच तर थांबायचं असतं." बाईंना ते पटलं, पण फार नम्र होण्याचा त्यांचा स्वभाव नसल्यामुळे त्या फक्त "हनुवटी टेकवा" म्हणाल्या.

एक्केचाळीस फोन झाले. बेचाळिसावं नाव खालच्या मजल्यावर राहत होतं आणि तिथवर जायला फोनही लागत नव्हता. बाई रोज येता-जाता त्या दारावरून जात होत्या. नवऱ्यालाही त्यांनी 'मीच सांगते' म्हणून थांबवून ठेवलं होतं. रोज ठरवत होत्या, रोज काहीतरी काम निघत होतं. आकडा चुकला हे सांगायला त्या घाबरत नव्हत्या. ते तर त्यांनी एक्केचाळीस जणांना सांगितलं होतं. पण वन्संच्या वेळची गोष्ट वेगळी होती, आणि ती वेगळी कशी होती हे बाईंना आता पक्कं आठवत होतं.

महिन्याचा शेवटचा दिवस आला. दुपारी बाई अर्धी रजा टाकून घरी आल्या तेव्हा वन्संचं टेबल रिकामं होतं. सुयांची डबी, कापड ताणून धरायचा लाकडी गोळा, कात्री, भिंग, सगळं पत्र्याच्या पेटीत भरलेलं. वन्सं खिडकीपाशी रिकामे हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. चाळीस वर्षं सुई धरणारे ते हात रिकामे बघायची बाईंना सवय नव्हती.

"पेटी नेऊन देतेस का समोर?" वन्सं म्हणाल्या. "मला रस्ता ओलांडायचा कंटाळा आलाय."

"वन्सं, तुमचे अकरा नव्हते."

"काय?"

बाई पेटीवरच बसल्या आणि सांगायला लागल्या. लय, स्टॉपवॉच, सहा पॉइंट आठ, बेचाळीस जणांची यादी. वन्सं ऐकत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते रोजचंच, त्यावरून काही कळायला मार्ग नव्हता.

"म्हणजे तुला दया आली म्हणून तू भरभर मोजलंस?" वन्संनी विचारलं.

इथे 'हो' म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं. बाईंच्या तोंडाशी ते आलंही होतं.

"बाकीच्यांच्या वेळी दया होती," त्या म्हणाल्या. "तुमच्या वेळी नव्हती. तुमच्या वेळी मी पाचापर्यंतसुद्धा थांबले नाही. पहिल्यापासून पळाले. दोन महिने घरी तेच तेच ऐकून मी कंटाळले होते. तुम्हाला काही झालेलं नाही असं मी आधीच ठरवून टाकलं होतं, आणि ते सिद्ध करायची मला घाई होती. बाहेर लोक थांबले होते. खरं सांगायचं तर मी तुमच्या डोळ्याकडे नीट बघितलंच नाही."

खोलीत टेबलपंखा घरघरत होता. मागच्या उन्हाळ्यात बाईंनीच हौसेने आणून दिलेला. तो वन्संच्या बरोबर तोंडासमोर होता. गेले वर्षभर बाई रोज वीस जणांना पंखा तोंडावर घेऊ नका म्हणून सांगत होत्या आणि रोज या पंख्यासमोरून जात होत्या. त्या उठल्या आणि त्यांनी पंखा भिंतीकडे वळवला.

बाईंना वाटलं, आता ऐकावं लागणार, आणि ऐकायची त्यांची तयारी होती. पण वन्संनी विचारलं ते वेगळंच.

"म्हणजे मला जे होत होतं, ते खरंच होत होतं?"

"हो वन्सं. खरं होतं."

"सहा महिने मला वाटतंय की मी ढोंगी आहे," वन्सं म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. "आपलं आपल्यालाच कळेना. आकडा चांगला आलाय, तज्ज्ञ माणूस घरातलं आहे, आणि मला धागा दिसत नाही. मग म्हटलं, आपणच आळशी झालो. सकाळी उठून स्वतःला शिव्या घालायची मी." मग त्यांनी पदराआड धरलेली चिमूट उघडली. त्यात एक सुई होती. "ही पेटीत टाकवेना."

बाईंना रडू फुटलं. त्यांनी वन्संचा सुईचा हात दोन्ही हातांत धरला आणि मोठ्याने रडल्या. "अगं टोचेल," वन्सं म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला नंबर वन्संचा. डॉक्टरांनी आता दवाखान्यासाठी स्टॉपवॉच आणलं होतं. अंधारात काटा दिसेल असं. बाईंनी ते हातात घेतलं. डॉक्टर म्हणाले, "आज मोजायला दुसऱ्या कोणाला सांगू का?"

"नाही," यंत्रापलीकडून वन्सं म्हणाल्या. हनुवटी टेकवलेली असल्यामुळे शब्द दातांतून आले. "तिलाच मोजू दे. मला तिच्याच तोंडून ऐकायचंय."

बाईंनी पट्टी टेकवली. वन्संनी डोळे मिटले, उघडले. निळा दिवा लागला.

एक. दोन. तीन. चार.

"झालं," डॉक्टर म्हणाले.

चार. बाईंना तो आकडा वहीत लिहवेना. पण वन्संनी हनुवटी उचलली आणि त्यांचा चेहरा असा फुलला होता की जणू शाळेत पहिला नंबर आला. "चार ना?" त्यांनी दोनदा विचारलं. "बघा! मी सांगत नव्हते?" इतका वाईट आकडा ऐकून इतकी खूश झालेली पेशंट डॉक्टरांनी आयुष्यात पाहिली नव्हती.

मग डॉक्टरांनी वेळ घेऊन सगळं तपासलं. बुबुळावर बारीक ओरखड्यांसारखे ठिपके उठले होते, पण खोल काही नव्हतं. पापण्यांच्या काठातली तेलाची तोंडं बुजली होती. नीट निगा राखली तर तीन-चार महिन्यांत पुष्कळ सुधारेल, ते म्हणाले. थेंब दिले, झोपताना घालायचं मलम दिलं, रोज दोनदा शेक सांगितला. कामाचं काय, असं वन्संनी भीत भीत विचारलं. "काम करा," डॉक्टर म्हणाले, "पण दर ओळीला पापणी मिटायची. पुरती मिटायची."

"धागा हरवतो," वन्सं म्हणाल्या.

"हरवू दे. पुन्हा सापडेल."

पेटी समोर गेली नाही. रोज संध्याकाळी बाई गरम पाण्यात कपडा पिळून खाली घेऊन जात. वन्सं खुर्चीत मान मागे टाकून बसत, बाई कपडा डोळ्यांवर धरत आणि दहा मिनिटं झाली की पापण्यांचे काठ बोटाने हलकेच दाबत. तेवढ्या वेळात दोघींची पूर्वीसारखी भांडणंही होत. "लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण," पंख्याकडे बोट दाखवून वन्सं म्हणत, आणि डोळ्यांवर कपडा असल्यामुळे बोट भलतीकडेच जाई. नवरा दारात येऊन विचारी, "ताई, आज किती?" आणि वन्सं म्हणत, "पहिल्या नंबरावरून खाली आलेय रे बाळ्या, आता काय इज्जत राहिली."

त्या महिन्यांत उरलेले लोकही येऊन गेले. बेचाळिसांतल्या सतरा जणांना औषध लागलं. वन्संचे दुसऱ्या महिन्यात सहा झाले, चौथ्यात आठ.

आठ आले त्या दिवशी संध्याकाळी वन्सं म्हणाल्या, "तुझा कोट दे."

"कशाला?"

"खिशाला पीन लावून हिंडतेस. त्या फाटक्या खिशात घड्याळ ठेवशील कसं? पडेल एखाद्या दिवशी पाण्यात, मागच्यासारखं."

बाईंनी तो कोट सहा महिने आणि वर चार महिने मुद्दाम पुढे केला नव्हता. वन्संना धागा दिसत नाही हे बाईंच्या हातांना कळलं होतं, तोंडाला मात्र कळलं नव्हतं. आता वन्संनी कोट मांडीवर घेतला, आतल्या शिवणीतून पांढरे धागे ओढून काढले आणि भिंगाखाली धरले. सुई आत गेली, बाहेर आली. एक ओळ झाली, दुसरी झाली. वन्सं कामात बुडाल्या आणि चाळीस वर्षांच्या सवयीने डोळे सताड उघडे राहिले.

"वन्सं, पापणी," बाई म्हणाल्या.

वन्संनी डोळे मिटले, उघडले, धागा शोधला, पुढची ओळ घेतली. दिवेलागणीपर्यंत दोघी तशाच बसल्या होत्या. एक विणत होती, दुसरी मधूनमधून 'पापणी' म्हणत होती. काम झाल्यावर वन्संनी कोट फेकला आणि म्हणाल्या, "शोध आता."

बाईंनी दिव्याखाली धरून शोधलं. फाटलेली जागा सापडली नाही.

तो कोट त्या अजून घालतात. काळ्या पडद्याच्या खोलीत निळा दिवा लागतो, डॉक्टर पापणी मिटू नका म्हणतात, आणि बाई डाव्या हातातल्या काट्याकडे बघून मोजायला लागतात. पाचाला समोरचा डोळा थरथरतो, माणूस खुर्चीची कड घट्ट धरतो, आणि बाईंची जीभ आजही सहा, सात, आठ असं एका दमात म्हणून टाकायला बघते. एकोणतीस वर्षांची खोड, ती काय लगेच जाते! मग त्या उजवा हात खिशाशी नेतात आणि बोटांनी ती जागा चाचपतात. बोटांनाही ती सापडत नाही. तोवर काटा पुढे येतो, आणि बाई म्हणतात, "सहा."